उरलेला वेळ कोणाचा?



मला स्तनाचा कर्करोग आहे. चौथा टप्पा. आधी तो हाडांत उतरला, नंतर यकृतात. तो बरा होणार नाही हे माझ्या डॉक्टरांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि आता तुम्हालाही. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे बाई किती खंगल्या आहेत याचा अंदाज घेण्यात तुमचं लक्ष जायला नको. खंगले आहे, पण उपचार चालू आहेत आणि आवाज शाबूत आहे.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना इथल्या जुन्या मंडळींनी पाहिलेलं आहे. मुंबई-पुण्याहून 'आता घरी घेऊन जा' असं सांगून परत पाठवलेल्या पेशंटकडे ते मुद्दाम जायचे. जखम धुवायचे, झोप लागेल अशी सोय करायचे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची ते घरच्यांना करून दाखवायचे. आज या कामाला उपशामक सेवा म्हणतात आणि ती वैद्यकाची स्वतंत्र शाखा झाली आहे. तेव्हा मी जे बोलणार आहे, ते त्यांच्या कामाला धरूनच आहे.

माझा प्रश्न साधा आहे. बरा न होणारा आजार घेऊन माणूस काही महिने, कधी काही वर्षं जगतो. तो वेळ कसा खर्च व्हावा, हे ठरवायचं कोणी? डॉक्टरांनी, घरच्यांनी, रुग्णालयाच्या वेळापत्रकानं, की ज्याचा तो वेळ आहे त्यानं?

माझी सारी नोकरी आयुर्विम्याच्या कचेरीत गेली, त्यातली बरीचशी मृत्यूदाव्यांच्या टेबलावर. आमच्याकडे दोनच रकाने असत: पॉलिसी चालू, नाहीतर दावा. कर्करोगाबद्दल समाजाच्या मनातही हेच दोन रकाने आहेत. माणूस बरा झाला, नाहीतर गेला. १९७१ साली 'आनंद' आला आणि त्यानं आपल्याला मरणाच्या वाटेवर हसतमुख असणारा एक नायक दिला. मला तो चित्रपट आवडतो. पण केस पेपर हातात धरून रांगेत ताटकळलेला आनंद त्यात कुठे दिसत नाही.

तिसरा रकाना वैद्यकानंच तयार केला. २००१ साली इमॅटिनिब नावाची गोळी आली आणि एका जातीच्या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण रोज एक औषध घेऊन वर्षानुवर्षं जगू लागले. माझ्या आजारात संप्रेरकांची वाट अडवणाऱ्या गोळ्या आल्या, मग त्यांच्या जोडीला पाल्बोसिक्लिब आलं. तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी, पांढऱ्या पेशींची मोजणी, पुन्हा गोळी. भारतात या औषधाचं पेटंट २०२३च्या जानेवारीत संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्यावर किंमत एकदम उतरली. म्हणजे तिसऱ्या रकान्यात किती काळ राहता येईल, हे शरीराबरोबर बाजारही ठरवत होता. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्यानं कर्करोग झाला आणि सुमारे ९ लाख त्यानं दगावले. यांतल्या अनेकांना आजार पसरल्यावरच कळतं. ही माणसं कमी नाहीत, फक्त त्यांच्यासाठी आपण व्यवस्था केलेली नाही.

निदान पक्कं झालं की घरचे एकच प्रश्न विचारतात: किती दिवस? मी कचेरीत आयुष्याची कोष्टकं हाताळलेली बाई, त्यामुळे या प्रश्नाशी माझी ओळख जुनी. धूमकेतूला ज्याचं नाव आहे त्या एडमंड हॅलेनं १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून असं एक कोष्टक मांडलं. आमच्या सगळ्या धंद्याचा पाया तोच. एवढ्या वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती जातील, हे कोष्टक बऱ्यापैकी अचूक सांगतं. त्या हजारांतला कोण, हे मात्र ते कधीच सांगत नाही. कंपनीला त्याची गरज नसते. पेशंटला तेवढीच गरज असते.

अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचलं: जगण्याचा मध्यक आठ महिने. घाबरून न जाता त्यांनी आकड्याची उलटतपासणी केली. मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत गेले. उरलेले निम्मे त्याहून जास्त जगले आणि त्यांच्यातले काही खूपच जास्त. आलेखाची उजवीकडची शेपटी लांब असते. आपण त्या शेपटीत असू शकतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी आपलं वय, आजाराची अवस्था आणि उपचार तपासले. १९८५ मध्ये त्यांनी यावर एक निबंध लिहिला. ते गेले २००२ मध्ये, वीस वर्षांनी, आणि तेही वेगळ्याच कर्करोगानं.

यावरून 'मनाचं बळ असलं की माणूस जगतो' असा अर्थ कृपा करून काढू नका. तेवढंच बळ असलेले कितीतरी जण आठ महिन्यांच्या आत गेले असतील. घ्यायचा अर्थ एवढाच, की डॉक्टरांकडून एक आकडा मागू नये. तीन शक्यता मागाव्यात: वाईटात वाईट झालं तर किती, चांगल्यात चांगलं झालं तर किती, आणि बहुतेकांचं काय होतं. या तिन्ही माहीत असल्या की माणूस बेत आखू शकतो. दिवाळीचा, मुलाच्या लग्नाचा, घराच्या वाटणीचा.

पण बेत आखायला आधी कळायला हवं, आणि आपल्याकडे गाडी नेमकी तिथेच अडते. डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी नातेवाईक खुणा करतात, 'त्यांच्यासमोर बोलू नका.' हेतू मायेचा असतो. आईला धक्का बसेल, बाबा हाय खातील. मी या मायेचे परिणाम टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहेत. दाव्याचे कागद घेऊन विधवा येई. पॉलिसीवर नॉमिनी म्हणून सासूचं नाव, आणि सासू वारून कित्येक वर्षं झालेली. लग्नानंतर नाव बदलायचं राहून गेलं होतं. आजार वर्षभराचा होता. एक सही घ्यायला एक दुपार पुरली असती. पण सही मागितली तर त्यांना कळलं असतं, म्हणून मागितली नाही. मग वारसाचा दाखला, कोर्टाच्या खेपा, दिरांशी वाद. ज्याला सांगितलं नाही, त्याला बहुतेक वेळा कळलेलं असतंच. उलट्या, गळणारे केस, कुजबुज. यातून कोणाला कळणार नाही? तोही मग घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प राहतो. दोन्हीकडून नाटक चालू राहतं आणि बोलायचं ते राहून जातं.

सगळ्यांना सगळं सांगा, असं माझं म्हणणं नाही. काहींना खरोखरच जाणून घ्यायचं नसतं. तोही त्यांचा हक्क आहे. पण 'तुम्हाला किती सांगू?' हा प्रश्न पेशंटला विचारला पाहिजे. मुलाला, जावयाला किंवा डॉक्टरांच्या ओळखीच्या नगरसेवकाला नाही.

आता रुग्णालयातल्या दिवसाबद्दल. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना केमो म्हणजे बाटली लावली आणि घरी आलो, असं वाटतं. आम्ही साताऱ्याहून पुण्याला जाणारे लोक पहाटेची गाडी धरतो. पोचल्यावर रक्त द्यायचं. रिपोर्टला दोन तास. रिपोर्ट घेऊन ओपीडीत नंबर. पेशी भरल्या तर डॉक्टर डोस लिहून देतात. नाही भरल्या तर 'पुढच्या आठवड्यात या' असं सांगून परत पाठवतात आणि तो दिवस फुकट. डोस लिहिला की विम्याची किंवा सरकारी योजनेची मंजुरी, मग औषधाच्या काउंटरवर रांग, मग डे-केअरमध्ये खुर्ची रिकामी होण्याची वाट. औषध प्रत्यक्ष शिरेत जातं तो वेळ त्या दिवसातला सगळ्यात छोटा हिस्सा. परत येईपर्यंत रात्र. दुसरा दिवस झोपेत आणि तिसरा मळमळीत जातो. एखाद्या औषधानं सरासरी काही आठवड्यांचं आयुष्य वाढतं असं सांगतात, तेव्हा त्यातले किती आठवडे त्या रांगांमध्ये जाणार, हे कोणी सांगत नाही. अलीकडे कर्करोगतज्ज्ञांनी स्वतःच हा हिशेब मांडायला सुरुवात केली आहे. केस गळणं, तोंड येणं यांसारखाच वेळ जाणं हाही उपचाराचा दुष्परिणाम मानावा, असं ते म्हणतात. मला ते शंभर टक्के पटतं.

माझं तरी बरं. निवृत्तिवेतन आहे, पुण्यात भाची आहे. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने राहताना मुंबईकर पाहतातच. १९४१ साली सुरू झालेलं ते रुग्णालय साऱ्या देशाचं आशास्थान आहे, गर्दी त्यामुळेच. रेल्वे कर्करुग्णाला उपचारासाठी तिकिटात सवलत देते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था डोक्यावर छप्पर देतात. महात्मा जोतिबा फुले योजनेतून केमोचे पैसे मिळतात. पण बुडालेली मजुरी, गावाकडे शेजारणीच्या भरवशावर ठेवलेली पोरं, विकलेली दुभती म्हैस, यांचं पॅकेज कुठल्याच योजनेत नाही. म्हणून उपचार माणसाच्या गावाजवळ येणं फार महत्त्वाचं. २०१२ साली देशभरची कर्करोग केंद्रं एकत्र येऊन नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली, ती याच विचारानं: उपचाराचा दर्जा सगळीकडे सारखा असावा, मुंबईच गाठायला लागू नये. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढण्याची घोषणा झाली. ती खरी उतरली तर गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या बाईचे दर महिन्याचे कितीतरी दिवस तिला परत मिळतील. एवढे दिवस परत देणारं दुसरं औषध माझ्या तरी माहितीत नाही.

तिसऱ्या रकान्याची सोय नसली की काय होतं, त्याचा एक गमतीदार नमुना सांगते. मध्यंतरी मी कॅपेसिटाबाईनच्या गोळ्यांवर होते. दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा बंद. त्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, आणि कधीकधी बोटांच्या रेषा पुसल्या जातात. २००९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात नोंद आली होती, की सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर याच कारणानं कित्येक तास अडवून ठेवलं. माझ्यावर वेळ आली नोव्हेंबरात, हयातीचा दाखला देताना. यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. खिडकीमागचा मुलगा भला होता. 'मावशी, जरा पुसून दाबा,' 'मावशी, दुसरं बोट द्या,' असं करत दहाही बोटं झाली. मी समोर उभी, त्याच्याशी बोलते आहे, आणि मी हयात असल्याचा पुरावा काही मिळेना. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. मी हसले, तोही हसला. पण अशीच रेशनच्या दुकानात अंगठा न उमटलेली बाई धान्याविना परत गेली, तर ती हसणार नाही. औषध लिहून देताना 'आधार अडेल, डोळ्यांचा किंवा चेहऱ्याचा पर्याय मागा' हे एक वाक्य सांगायला कितीसा वेळ लागतो?

आता दुखण्याकडे वळते. हाडांतल्या कर्करोगाचं दुखणं ज्यानं सोसलंय त्याला त्याचं वर्णन नको असतं, आणि ज्यानं सोसलं नाही त्याला ते करून कळत नाही. एवढंच सांगते, की ते दुखतं तेव्हा उरलेला वेळ वगैरे सगळं बोलणं खोटं ठरतं. वेळ असतो, पण तो वापरायला माणूस शिल्लक नसतो. यावर औषध आहे: मॉर्फिन. तोंडानं घ्यायची गोळी, स्वस्त, ठरावीक तासांनी. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळावर. सोबत बद्धकोष्ठाचं औषध, कारण तो त्रास हमखास होतो. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं वेदनाशमनाची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत जाहीर केली, तेव्हापासून हे ज्ञान गुप्त नाही. देखरेखीखाली, दुखण्याच्या प्रमाणात घेतलं तर त्याचं व्यसन लागण्याची भीती नगण्य असते. आणि आपला देश? मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्यानं अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. जगाला अफू पुरवणाऱ्या देशात कर्करुग्ण मात्र मॉर्फिनवाचून तळमळत राहिला. कारण १९८५चा अंमली पदार्थांचा कायदा. त्यातल्या कडक शिक्षांना आणि परवान्यांच्या जंजाळाला घाबरून दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली संसदेनं कायदा दुरुस्त केला. मान्यताप्राप्त संस्थेला आता परवान्यांच्या जुन्या माळेची गरज नाही. कायदा बदलला, भीती अजून बदलायची आहे. 'मॉर्फिन म्हणजे शेवट' हे डॉक्टरांच्या मनात आहे आणि आपल्याही.

दुखणं नुसतं हाडात नसतं, हे इंग्लंडच्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी ओळखलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. शरीराचं, मनाचं, पैशाचं, नात्यांचं आणि देवाशी चाललेल्या भांडणाचं दुखणं एकच असतं, असं त्या मानत. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या महाराष्ट्रात निघालं: १९८६ साली, वांद्र्याचं शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून आहे. केरळात तर ही सेवा रुग्णालयातून बाहेर पडून गल्लीगल्लीत गेली. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी शिकून तयार झाले आणि परिचारिकेबरोबर घरोघर जाऊ लागले. २००८ साली तिथल्या सरकारनं त्याचं धोरणच केलं.

आता माझा मुख्य मुद्दा. उपशामक सेवा ही उपचार संपल्यावर द्यायची गोष्ट आहे, असं आपण समजतो. 'आता करण्यासारखं काही नाही' असं डॉक्टर म्हणाले की तिथून ती सुरू. हे उलट आहे. २०१० साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना तेच उपचार आणि सोबत पहिल्यापासून उपशामक सेवा. दुसऱ्या गटाचं जगणं जास्त सुसह्य झालं, उदासी कमी राहिली. शेवटच्या दिवसांत त्यांनी जोरकस उपचार कमी घेतले आणि तरीही ते जास्त जगले. जगण्याचा मध्यक ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, हे मी लपवणार नाही. जगणं सुसह्य झालेलं मात्र बहुतेक ठिकाणी दिसलं. तेव्हा 'करण्यासारखं काही नाही' असा दिवस कधी उगवतच नाही. दुखणं थांबवता येतं, धाप कमी करता येते, झोप आणता येते, भांडलेल्या भावांना एका खोलीत बसवता येतं.

आणि थांबायचं कधी? इथे कोणी माझ्या वतीनं बोलू नये आणि मीही दुसऱ्याच्या वतीनं बोलणार नाही. मुलीची दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर असलेली आई चौथी केमो घेईल; तिच्यासाठी ते तीन महिने कुठल्याही उलटीपेक्षा मोलाचे आहेत. माझ्या वयाची एखादी म्हणेल, पुरे, मला अंगणात बसू द्या. दोघीही बरोबर आहेत. चूक तेव्हा होते, जेव्हा दोघींनाही न विचारता आयसीयूत नळ्या घातल्या जातात. परळच्याच केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नाचं दार किलकिलं केलं. ९ मार्च २०१८ रोजी सन्मानानं मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे आपण ज्याला लिव्हिंग विल म्हणतो ते, न्यायालयानं मान्य केले. २०२३च्या जानेवारीत त्याची अवघड रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. मी माझा कागद केला आहे. कृत्रिम श्वास नको, दुखणं थांबवायला जे लागेल ते द्या, शक्य असेल तर घरी ठेवा. भाचीला अधिकार दिले आहेत. सही केली त्या दिवशी आम्ही दोघी मिसळ खाऊन आलो. तोंड आलेलं होतं, तरी खाल्ली.

मृत्यूदाव्यांच्या टेबलावर एक गोष्ट शिकले. माणूस किती जगला यावरून मागे राहिलेल्यांना समाधान मिळत नाही. त्याच्या मनासारखं झालं का, त्यावरून मिळतं. 'शेवटी पंढरपूरला जाऊन आले,' 'शेवटपर्यंत दुकानात बसले' असं म्हणणारी माणसं दाव्याचा चेक घेऊन शांतपणे जात.

तर मागणी अशी. पेशंट असाल तर डॉक्टरांना विचारा: या उपचारानं काय मिळेल, त्यासाठी किती दिवस रुग्णालयात जातील, आणि नाही घेतला तर काय होईल. नातेवाईक असाल तर माणसाला विचारा, तुला काय करायचं राहिलंय. डॉक्टर असाल तर वेदनेचं औषध शेवटासाठी राखून ठेवू नका. आणि या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांना एक काम सांगते. आपल्या जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनची गोळी मिळते का, मिळत असेल तर कोणत्या खिडकीवर आणि कोणत्या दिवशी, याची लेखी माहिती मागवा आणि सभागृहाच्या दारावर लावा. मिळत नसेल, तर 'मिळत नाही' असं लावा. निवडणुकीच्या सभांसाठी उमेदवारही हेच सभागृह भाड्यानं घेतात. त्यांनाही ते वाचू द्या.